आधी जागा, मग कॅमेरा



ड्युसेलडॉर्फहून गाडीने बाहेर पडलो की शेतांत पवनचक्क्या दिसतात. त्यांची वीज स्वच्छ, पण पात्यांचा फटका बसून पक्षी मरतात. आपल्या घारीची चुलत बहीण, तांबडी घार, जगात सर्वांत जास्त जर्मनीतच आहे. कॅमेऱ्याने ती दुरून ओळखायची आणि चक्की मंद करायची, हा उपाय २०२२ साली जर्मन कायद्यातही आला. छानच झाले!

पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर, चक्क्या आहेत त्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या सुमारे पावपटच आढळले, असे २०१८ चे संशोधन सांगते. जो पक्षी तेथे फिरकतच नाही, त्याला कॅमेरा काय वाचवणार? म्हणून कॅमेरे हवेतच. पण आधी पक्ष्यांची जागा त्यांना सोडावी.

तुम्हांला काय वाटते? जरूर लिहा.