नावेचे इंजिन फिरेना, तर आधी जोर नको

कुही तालुक्यातील एका वाचक बंधूंनी विचारले आहे : "नावेचे इंजिन चार महिने बंद होते. आता सेल्फचे बटन दाबले तर हूं नाही की चूं नाही. मिस्त्री म्हणतो, इंजिन उतरवून नागपूरला न्या. काय करावे?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून यावेळी त्याचेच उत्तर देत आहोत. गोसेखुर्द धरणाचे पाणी वैनगंगेत मागे चढल्यापासून आंभोऱ्यापर्यंत पाणीच पाणी झाले. २०२४ साली आंभोऱ्याला मोठा पूल सुरू झाला, तरी मासेमारी करणाऱ्याची नाव काही सुटली नाही. इंजिन उतरवायचे, टेम्पोत घालायचे, नागपूरला आणायचे, यात दुरुस्तीआधीच भाडे जाते आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडते. बरेचदा दोष निघतो तो एका सैल नटाचा. म्हणून आमचे सांगणे असे, की इंजिन उतरवण्याआधी अर्धा तास आपण स्वतः पहावे.

सर्वात आधी तक्रार नीट ओळखावी. इंजिन फिरते पण पकडत नाही, ही एक तक्रार. तिथे पेट्रोल-डिझेल किंवा ठिणगी पहावी लागते. इंजिन फिरतच नाही, ही दुसरी. तिथे कार्बोरेटर उघडून काहीच हाती लागत नाही. वाचक बंधूंची तक्रार दुसरी आहे आणि तिची कारणे बहुधा दोन. एक तर सेल्फला वीज पोचत नाही, किंवा इंजिन आतून अडकले आहे. यातले कोणते, हे ठरेपर्यंत एकही नट खोलू नये.

तपासणी अशी करावी. बॅटरीवरचा एखादा दिवा लावा आणि दिव्याकडे पहात बटन दाबा. दिवा एकदम मंद झाला किंवा विझला, तर बॅटरी उतरली आहे, तिच्या तोंडाशी जोड सैल आहे, नाहीतर सेल्फ जोर लावतो आहे पण इंजिन हलत नाही. दिवा तसाच लख्ख राहिला आणि आवाजही नाही, तर बहुधा वीज सेल्फपर्यंत जातच नाही. नुसते 'टक्' वाजून थांबले, तर बहुधा बॅटरी कमजोर किंवा जोड खराब. सेल्फ 'घुर्रर्र' फिरला पण इंजिन जागचे हलले नाही, तर सेल्फचा दातेरी गट्टू आत चिकटला आहे, तो साफ करावा लागेल.

नावेवर ओल कायमची असते. त्यामुळे बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि वीज अडते. आधी वजा बाजूची वायर काढा, मग अधिक बाजूची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके धुवा, बॅटरीच्या आत तो जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने घासून कोरडी करा, घट्ट बसवा, वरून थोडे ग्रीस लावा. बसवताना अधिक बाजू आधी, वजा शेवटी. मीटर मिळाला तर मोजा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. बटन दाबल्यावर ती साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पहा.

दिवा लख्ख राहणाऱ्यांनी फ्यूज पहावा, मग गिअर. पाण्यात पंखा असलेली बहुतेक इंजिने गिअरमध्ये असताना फिरतच नाहीत. ही सोय मुद्दाम केलेली आहे. गिअरमध्ये इंजिन चालू झाले, तर नाव एकदम उसळी मारते आणि उभा माणूस पाण्यात, थेट पंख्याजवळ पडतो. ही सुरक्षा काढून वायर थेट जोडून देणारे कारागीर भेटतात. त्यांना हात जोडून नको म्हणावे. लाल दोरीची क्लिपही जागेवर आहे ना, हे पहावे. ती निघालेली असेल तर काही इंजिनांत सेल्फ फिरत नाही, काहींत फिरतो पण ठिणगी येत नाही.

आता दुसरे कारण, अडकलेले इंजिन. क्लिप काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि दोरीने किंवा चाकाला हात लावून इंजिन हळूच फिरवून पहा. ज्या बाजूला ते नेहमी फिरते त्याच बाजूला फिरवा. उलटे फिरवले तर पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पाते तुटू शकते. डिझेल इंजिनला हॅंडल असेल, तर दाब सोडणारी कळ उचलून फिरवा आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हॅंडल उलट मारते तेव्हा पहिला अंगठा मोडतो.

पंख्याकडेही पहावे. आपल्या नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. शहराने टाकलेले प्लास्टिक आणि त्या घाणीवर पोसलेली जलपर्णी नावेच्या पंख्याला गुंडाळते. तुटलेले जाळेही गुंडाळते. इंजिन बंद करून, क्लिप काढूनच तिथे हात घालावा.

हाताने फिरवताना इंजिन थोडे फिरून एका जागी दगडासारखे थांबले, तर आत पाणी गेल्याचा संशय घ्यावा. इथेच लोक मोठे नुकसान करून घेतात. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारत राहिलात, तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शंभर रुपयांचे काम हजारोंवर जाते. ऑइलची दांडी काढून पहा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी नक्की आहे. पेट्रोल इंजिनचे प्लग काढा, त्यांच्या वायरी बाजूला ठेवा, तोंड दूर धरून दोरीने हळू फिरवा. पाणी बाहेर उडेल. मग ऑइल बदला. डिझेल इंजिनमध्ये इंजेक्टर काढावे लागतात, ते काम जाणकाराकडूनच करवावे.

हे नावेपुरतेच नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि बचाव पथकांना नागपूरच्या रस्त्यांवर नावा घालाव्या लागल्या. त्या पुरात कितीतरी ऑटो आणि दुचाकी बुडाल्या. बुडालेल्या गाडीलाही हाच नियम लागतो. पाणी उतरले म्हणून लगेच सेल्फ मारू नये, आधी प्लग काढून पाणी काढावे.

पाणी नाही, पण इंजिन मुळीच हलत नाही, तर बंद ठेवल्याने आत गंज धरला असेल. प्लगच्या भोकातून थोडे पातळ ऑइल सोडा आणि एक दिवस-रात्र मुरू द्या. मग हलक्या हाताने पुढे-मागे किंचित हलवून पहा. दोन दिवसांनीही हलले नाही, तर आमच्या वाचक बंधूंचा मिस्त्री म्हणतो ते खरे समजावे आणि इंजिन उतरवावे. पण आपण काय काय पाहिले, हे कागदावर लिहून सोबत न्यावे. असे गिऱ्हाईक सहसा फसवले जात नाही.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी. नाव महिनोन्‌महिने बंद ठेवायची असेल, तर बॅटरी घरी आणा आणि टाकीत पेट्रोल राहू देऊ नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते. शिवाय पंधरा दिवसांतून एकदा इंजिन हाताने फिरवून ठेवा. पेट्रोलजवळ बिडी नको, हे सांगायला नकोच.

शेवटचे आणि महत्त्वाचे. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. पोट भरायला पाण्यावर जाणाऱ्यांना नदी दुसरी संधी देईलच असे नाही. दुरुस्त झालेले इंजिन पहिल्यांदा काठाला बांधलेल्या नावेतच चालवून पहा, माणसे बसवून नको. आणि इंजिन कितीही नवे असो, नावेत वल्हे आणि प्रत्येकासाठी जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू नका.