ब्राझबाबची तबकडी

प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "गोव्याचे ना तुम्ही? मग ब्राझ गोन्साल्विसची 'राग रॉक' ऐकलीच असेल!" केसरबाई, मोगूबाई अशी नावं घेऊन मी वेळ मारून नेली. खरं म्हणजे ही तबकडी मला ठाऊकच नव्हती. आणि माणूस कुठला? तिसवाडीतल्या नेवऱ्याचा! माझ्या ऑफिसपासून स्कूटरने अर्धा तास.

'राग रॉक' १९७० ची. वर नाव 'द ब्राझ गोन्साल्विस सेव्हन'. म्हणजे सातजणांचा ताफा आणि म्होरक्या आपला सॅक्सोफोनवाला. या नावाला मी फार महत्त्व देतो. मुंबईत गेलेल्या आमच्या बँडवाल्यांची हयात बहुधा दुसऱ्याच्या नावाखाली गेली. सेबॅस्टियन डिसोझा वाद्यमेळ लिहायचे, नाव व्हायचं शंकर-जयकिशनचं. हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा ताजमध्ये स्वतःचा बँड होता, पण असे थोडेच. (ब्राझबाब या चिकचेच जावई.)

शिवाय सॅक्सवर राग म्हणजे पोरखेळ नव्हे. चाव्यांचं वाद्य, मींड काढायची ती ओठांनी आणि दमाने. त्यात जॅझमध्ये खालचे स्वरसमूह सारखे बदलतात, तर आपला षड्ज जागचा हलत नाही. या ओढाताणीत सातजणांना एकत्र ठेवायचं!

केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरमधून अंतराळात गेली, हे आम्ही शाळकरी पोरांनाही सांगतो. गोव्याच्या संगीतावर मराठीत लिहायला बसलो की मंगेशीपासून सुरुवात करून केरीला थांबतो. मध्ये नेवरं लागत नाही. का? तर ते 'त्यांचं' संगीत. अहो, त्या 'त्यां'नीच तबकडीवर 'राग' हा शब्द छापला, आणि तो आम्ही वाचलासुद्धा नाही! मराठी-कोंकणी वादात आम्ही एकमेकांची गाणीही वाटून घेतली, याची मला खरोखर लाज वाटते. त्या वाटणीत मीही होतोच.

त्या सहकाऱ्याने पुढे ती मला पाठवून दिली. शेजारचे भाई देवळात भजनाला पेटी वाजवतात, त्यांना ऐकवली. बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, "गंधार जरा चढा लागलाय रे." आणि लगेच, "परत लाव बघू."