रिपोर्ट ‘नॉर्मल’, पण दुखणे खरेच!

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपाय घरात सुरू होतात. दोन दिवसांत बरे वाटले तर उत्तमच. नाही वाटले तर औषधाच्या दुकानातून जंतूंवरच्या गोळ्या येतात. त्यांनी गुण आला नाही तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. असे करता करता वर्ष उलटते. लघवीच्या तपासणीत पू नाही, जंतू नाहीत, सोनोग्राफीही ठीक. मग रुग्णाला, आणि बहुतेक वेळा ती स्त्रीच असते, सांगितले जाते, ‘बाई, तुम्हाला काही झालेले नाही. मनातून काढून टाका.’

या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. तपासणीत जंतू सापडले नाहीत, एवढेच त्या कागदावर लिहिलेले असते. दुखत नाही, असे त्यावर कुठेही लिहिलेले नसते.

मूत्राशयाचा एक चिवट आजार आहे. त्याचे नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. अलीकडे त्याला ‘मूत्राशय वेदना विकार’ या अर्थाच्या नावानेही ओळखतात. ओटीपोटात दुखते, मूत्राशय भरत आले की कळ वाढते, लघवी केली की थोडा वेळ बरे वाटते. दिवसातून वीस-वीस वेळा जावे लागते, रात्रीची झोप मोडते. जंतुसंसर्ग नसताना असा त्रास सहा आठवड्यांहून अधिक राहिला, तर या आजाराचा विचार करावा, असे तज्ज्ञ मानतात. आजार नवा नाही. अमेरिकेतील डॉ. गाय हनर यांनी 1915 मध्ये अशा रुग्णांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले होते. हे व्रण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मात्र पुष्कळ रुग्णांत असे व्रण दिसत नाहीत, आणि तेथेच घोटाळा होतो.

मूत्राशय म्हणजे पाणी साठवायची पखाल, अशी आपली समजूत असते. आतले अस्तर म्हणजे लघवी झिरपू नये म्हणून लावलेला थर, एवढेच त्याचे काम, असे डॉक्टरही पूर्वी मानत. आता कळले आहे की हे अस्तर बोलके आहे. मूत्राशय भरू लागला की अस्तर ताणले जाते आणि त्याच्या पेशी एटीपी नावाचे रसायन बाहेर सोडतात. शाळेत विज्ञान शिकलेल्यांना एटीपी हे पेशीचे इंधन म्हणून आठवत असेल. तेच रसायन येथे निरोप्याचे काम करते. जवळच्या मज्जातंतूंच्या टोकांवर ते ग्रहण करणारी खास प्रथिने असतात. निरोप तेथून मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जातो आणि लघवीची भावना होते.

एटीपी असे निरोप देते, ही कल्पना जेफ्री बर्नस्टॉक यांनी 1972 मध्ये मांडली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. पुढे 1997 मध्ये सशाच्या मूत्राशयाचे अस्तर ताणले असता त्यातून एटीपी सुटते, असे दिसून आले. 2000 मध्ये ते ग्रहण करणारे प्रथिन नसलेले उंदीर तपासले गेले, तेव्हा त्यांना लघवीची भावना उशिरा होते असे आढळले. आणि या आजाराच्या रुग्णांच्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून ताणल्या, तर त्या निरोगी पेशींपेक्षा जास्त एटीपी सोडतात, हेही दिसले आहे. थोडक्यात, मूत्राशय अर्धाही भरलेला नसतो, पण ‘भरला, भरला’ अशी हाकाटी आतून सुरू झालेली असते. आजाराचे हे एकच कारण आहे असे नव्हे. अस्तराचा संरक्षक थर विरळ होणे, दाह वाढवणाऱ्या पेशी जमणे, मज्जातंतू हळवे होणे, अशा अनेक गोष्टी यात गुंतलेल्या असतात. परंतु यातली एकही गोष्ट लघवीच्या साध्या तपासणीत दिसत नाही.

म्हणूनच माझे मत असे की, त्रास वारंवार होत असेल तर लघवीच्या कल्चरशिवाय प्रतिजैविके घेऊ नयेत. नमुना गोळी सुरू करण्यापूर्वी द्यावा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर धरता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. थंडी-ताप असेल तर मात्र थांबू नये. जंतू नसताना घेतलेल्या गोळ्यांनी आजार हटत नाही, उलट पोटातले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कल्चर वारंवार निर्दोष येत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. मुतखडा, मूत्रमार्गाचा क्षयरोग आणि कर्करोग नाही, याची आधी खात्री करावी लागते. लघवीतून रक्त गेले, तर, विशेषतः तंबाखू-विडीचे व्यसन असलेल्यांनी, एक दिवसही दवडू नये.

या आजारावर रामबाण औषध नाही, पण त्रास पुष्कळ कमी करता येतो. तीन दिवस वहीत नोंद ठेवा: किती वाजता गेलात, मापात किती झाली, आधी काय खाल्ले-प्यायले होते. चहा, कॉफी, तिखट, आंबट यांपैकी काय बाधते ते त्यातून कळते. लघवीचे अंतर हळूहळू वाढवण्याचा सराव, ओटीपोटाखालचे स्नायू सैल करण्याचे व्यायाम, वेदनाशामक उपचार, मूत्राशयात थेट औषध सोडणे आणि व्रण असल्यास दुर्बिणीतून जाळणे, असे टप्प्याटप्प्याने उपचार आहेत. पेंटोसॅन हे औषध चालू असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. दीर्घकाळ घेतल्यास त्यावर परिणाम होऊ शकतो, अशा नोंदी 2018 पासून झाल्या आहेत.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. प्रवासात दर अर्ध्या तासाला गाडी थांबवायला सांगणाऱ्या बाईवर चिडू नका. आपल्या स्त्रिया आधीच दुखणे अंगावर काढतात. त्यांनी तोंड उघडून सांगितले, तर निदान खरे तरी माना.