रजा संपल्यानंतरचे सहा महिने

बालरोगतज्ज्ञ म्हणून गेली अनेक वर्षे मी प्रत्येक नव्या मातेला एकच गोष्ट सांगत आलो आहे : पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. समोरची माता शेतात निंदणाला जाते, बोरगावच्या एखाद्या कारखान्यात कामाला जाते की घरीच असते, याची चौकशी मात्र मी क्वचितच केली. सल्ला देणे हे माझे काम. तो पाळायला लागणारा वेळ तिने कोठून आणावा, हा प्रश्न माझा नव्हता.

तो माझा प्रश्न झाला, तेव्हा माझ्याच दवाखान्यातील एक सिस्टर प्रसूतीच्या रजेवरून परत आली होती. सौंसरकडून रोज बसने येणारी, कामाला चोख. बाळ साडेचार महिन्यांचे. तिची विनंती साधी होती. चार महिने बारा तासांऐवजी सहा तासांची ड्युटी मिळावी, पगार त्या मानाने कमी दिला तरी चालेल. "सिस्टर, उरलेल्या सहा तासांसाठी मी माणूस कोठून आणू?" असे उत्तर देऊन मी पुढचा रुग्ण आत बोलावला. तिने पंधरा दिवस पूर्ण ड्युटी करून पाहिली व नोकरी सोडली. त्या पंधरवड्यात घरी सुरू झालेली बाटली पुढे सुटली नाही, दूध आटले, आणि महिन्याभराने तेच बाळ जुलाबाने कोमेजून माझ्याच टेबलावर आले. आईला बाटलीचे धोके समजावून सांगण्याचे धैर्य त्या दिवशी मला झाले नाही.

आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी आहे की, कायद्याने आता सव्वीस आठवड्यांची रजा दिली आहे, मग आणखी काय हवे? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे खरे. या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु थोडा हिशेब करावा. २६ पैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या सिस्टरला आठव्या महिन्यात पायांवर सूज आहे, ती ते घेणारच. उरले अठरा आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. आपण सांगतो सहा महिने. या दोहोंमधील अंतर कोणी भरून काढायचे, हे आपण कधी विचारलेले नाही. शिवाय ज्या आस्थापनेत दहापेक्षा कमी माणसे काम करतात, तेथे हा कायदा सामान्यतः पोहोचतच नाही. आणि आपल्याकडील छोट्या दवाखान्यांत किती माणसे असतात, हे आपण जाणतोच.

परतल्यावर काय, याविषयी कायदा फार थोडे बोलतो. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विराम द्यावेत, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघर असावे, कामाचे स्वरूप तसे असल्यास परस्परसंमतीने घरून काम करू द्यावे. क्ष-किरणतज्ज्ञ भगिनी घरी बसून अहवाल लिहू शकेल. सलाईन घरून लावता येत नाही. विरामांचे म्हणाल, तर खाणी व सर्कशींसाठी केंद्राने १९६३ मध्ये केलेल्या नियमांत प्रत्येक विराम पंधरा मिनिटांचा धरला आहे. (आपली सोमवारची ओपीडी सर्कशीत मोडते की काय, हा वेगळा वाद.) जिचे बाळ सौंसरला आणि काम पांढुर्ण्याला, तिने पंधरा मिनिटांत काय करावे? तास कमी करून मागण्याचा हक्क मात्र या कायद्यात कोठेही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात विरामांऐवजी रोजचे कामाचे तास कमी करण्याचा पर्याय स्पष्ट लिहिला आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. स्वीडनमध्ये मूल आठ वर्षांचे होईपर्यंत पालकाला कामाचा वेळ चतुर्थांशाने कमी करून घेता येतो.

या प्रश्नात आपला प्रदेश नेहमीच मागे होता असे नव्हे. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा केला, आणि पाठोपाठ १९३० मध्ये, नागपूर ज्याची राजधानी होती त्या आपल्या मध्यप्रांताने. आजचे पांढुर्णा व सौंसर तेव्हा त्याच प्रांतात होते. मुंबईच्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हटले होते की, मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलावा. हा दुसरा भाग आपण सोयीने विसरलो. कर्मचारी राज्य विमा जेथे लागू नाही, तेथे आजही सारा भार मालकावर पडतो, आणि म्हणूनच नव्याने लग्न झालेल्या सिस्टरला नोकरीवर घेताना काही बंधू कचरतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

सिस्टरला निदान मागणी करायला मालक असतो. आपल्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर भगिनींना तोही नाही. पती-पत्नी दोघे डॉक्टर असलेली घरे आपल्या गावांत पुष्कळ आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, वरूड, नरखेड किंवा काटोलला होते. तीन महिन्यांनी ती परतते तेव्हा तिचे रुग्ण पांगलेले असतात, आणि पतीची ओपीडी सकाळ-संध्याकाळ पूर्ववत भरलेली असते. तास कमी करायचे तर तिनेच, हे न बोलता ठरून जाते. पतीने आठवड्यातील तीन संध्याकाळी बाळाजवळ बसावे आणि त्या वेळेत पत्नीने तीच खोली, तोच बोर्ड वापरावा, ही सूचना मी एका तरुण सहकाऱ्याला केली तेव्हा तो हसला. त्याची पत्नी हसली नाही.

"रुग्णांचे हाल होतील" हा आक्षेप मी स्वतः घेतलेला आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा शेकडो जखमींसाठी आपल्याकडे पाळ्या लागतात, कोण टाके घालणार आणि कोण हाडे पाहणार हे आधी ठरते. पाळ्या लावणे आपल्याला येत नाही असे नाही. बाळंतपणासाठी त्या लावाव्यात असे वाटत नाही, एवढेच. आणि बाळंतपणाची तारीख तर आपल्याला सात महिने आधी कळलेली असते.

संस्थेसमोर माझी मागणी मर्यादित आहे. निवृत्त डॉक्टर व पूर्वी काम सोडलेल्या सिस्टर यांची एक यादी ठेवावी, म्हणजे उरलेल्या सहा तासांसाठी माणूस शोधताना कोणी माझ्यासारखे उत्तर देणार नाही. परतणाऱ्या मातेला रात्रपाळी नसावी. कमी तास किती महिने व पूर्ण ड्युटी कोणत्या तारखेपासून, हे रजेवर जाण्यापूर्वीच लेखी ठरावे. अवघड प्रसूतीला वेळ नसते आणि भूलतज्ज्ञ मोजकेच आहेत, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींचा प्रश्न याने सुटणार नाही. त्यांनी आपसांत रात्री वाटून घेतल्या तरच काही होईल.

आमच्या दवाखान्यातील दुसरी एक सिस्टर येत्या महिन्यात रजेवर जात आहे. परतल्यावर चार महिने सकाळी नऊ ते तीन, असे तिच्या पत्रात लिहून दिले आहे. तिच्या सासूबाई परवा भेटल्या तेव्हा त्यांनी एकच विचारले, "डॉक्टरसाहेब, पगार किती कापाल?" पहिले दोन महिने काहीच नाही, असे मी सांगून टाकले. दवाखान्याचा हिशेब सौभाग्यवती पाहतात. त्यांना ही बातमी या स्मरणिकेतूनच कळेल.