ट्रंकेतल्या साड्यांची गोधडी

घरात पाळणा हलणार असे कळले की खरेदीची यादी सुरू होते. मच्छरदाणी, प्लॅस्टिकचा टब, बाळाची बॅग, दिसायला लोकरीसारखे पण खरे तर सिंथेटिक धाग्याचे गुबगुबीत ब्लँकेट. यादी लांबत जाते, पगार मात्र तेवढाच राहतो. आणि त्याच घरात पलंगाखालच्या ट्रंकेत आजीच्या, आईच्या सुती साड्या घड्या घालून पडलेल्या असतात. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत आणि बोहारणीला द्यायला जीव होत नाही.

नव्याने संसार मांडलेल्या जोडप्याला या ट्रंकेतून करता येण्याजोगी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बाळाची गोधडी. त्यासाठी शिवणाच्या वर्गाला जायला नको. धावदोरा घालता आला की झाले. आणि हे काम एकट्या गृहिणीच्या गळ्यात पडण्याचेही काही कारण नाही. मोजणे, कापणे, इस्त्री करणे, जमिनीवर थर ताणून पसरणे यांत तर दोन माणसे लागतातच. सातव्या महिन्यात वाकून बसणे जिला जड जाते तिने खुर्चीत बसून सुईत दोरा ओवून द्यावा आणि जमिनीवरचे काम बाळाच्या बाबांनी करावे.

जुन्या कापडातून बाळासाठी पांघरूण शिवण्याची चाल काही एकट्या महाराष्ट्राची नाही. आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ, तर बेळगाव-धारवाडकडे कौदी. बंगालमध्ये जुन्या साड्या नि धोतरांचे थर एकावर एक ठेवून कांथा शिवतात. पूर्वी तिथल्या बायका त्यासाठी लागणारा रंगीत दोराही साडीच्या काठातूनच उसवून काढीत. बिहारमध्ये मुजफ्फरपूरकडची सुजनी मुळात नवजात बाळासाठीच. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत, चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत येतात. ही पद्धत नवशिक्यालाही फार सोयीची आहे. तिचे वर्णन पुढे येईलच.

नव्या बाळाला आधी जुने कापड, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात त्यात तथ्य आहे. शंभरदा धुतलेल्या सुती कापडात खळ उरलेली नसते, ते मऊ असते आणि ओल चटकन शोषून घेते. मात्र ट्रंकेतून काढलेले कापड सरळ बाळापर्यंत न्यायचे नाही.

“अहो आई, या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येतोय,” असे सुनेने म्हणावे आणि सासूबाईंनी, “दोन उन्हं दाखव, जाईल,” म्हणावे, हा संवाद पुष्कळ घरांत होत असेल. पण इथे सुनेने जरा आग्रह धरावा. पांढऱ्या डांबरगोळ्या बऱ्याचदा नॅप्थॅलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते. हा दोष आनुवंशिक आहे, मुलग्यांमध्ये जास्त आढळतो आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही नसतो. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळले तर तांबड्या पेशी भराभर फुटू शकतात, अंगातले रक्त कमी होते, आणि नवजात बाळाला इतकी तीव्र कावीळ होऊ शकते की तिची इजा मेंदूपर्यंत पोहोचावी. त्यात आपल्याकडे बाळाला तेल लावून मालिश करतात आणि तेलकट त्वचेतून नॅप्थॅलीन अधिक सहज शोषले जाते. घरात या दोषाचा कुणी रुग्ण असेल किंवा आधीच्या बाळाला जबर कावीळ झाली असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगून ठेवावे.

नॅप्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसती धुलाई पुरत नाही. साड्या घडी मोडून, पसरून, मोकळ्या हवेत आणि उन्हात कित्येक दिवस वाळत टाकाव्यात. मग गरम पाण्यात साबणाने धुऊन पुन्हा उन्हात वाळवाव्यात. नाकाशी धरल्यावर जराही वास जाणवला तर ती साडी बाळासाठी वापरू नये, मग ती कुणाचीही आठवण असो. मोठ्यांच्या गोधडीसाठीही तिला हवेवर आणखी काही दिवस ठेवावे लागेल, आणि ती गोधडी बाळापासून लांबच बरी. ट्रंकेत यापुढे ठेवायचाच असेल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगांची पुरचुंडी ठेवावी. बाळाची झबली-टोपरी जिथे असतील त्या कपाटात डांबरगोळी नको म्हणजे नकोच.

आता कापडाची निवड. निव्वळ सुती तेवढेच घ्यावे. टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट ओल शोषत नाहीत, त्यांत बाळाला उकडते आणि थर एकमेकांवरून सरकत राहतात. जरीचा काठ टोचतो, तो कापून टाकावा. फॉल उसवावा. ओल्या पांढऱ्या फडक्याने साडी घासून पाहावी. रंग लागला तर ती बाद, कारण बाळ गोधडीचा कोपरा तोंडात घालणार हे ठरलेलेच आहे.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि 115 सेंटिमीटर रुंद असते. तिचे 90 सेंटिमीटरचे सहा तुकडे पडतात. बाळाच्या गोधडीला 90 बाय 115 हे माप उत्तम आणि चार थर पुरेत. दोन साड्यांतून, विरलेला-फाटलेला भाग वगळला तरी, दोन गोधड्या सहज निघतात. विरलेले तुकडे आत, धड तुकडे वर-खाली. एक जाडजूड गोधडी करण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण दोन पातळ केव्हाही चांगल्या. बाळाची गोधडी रोज ओली होणार, आणि पावसाळ्यात जाड गोधडी दोन दिवस वाळत नाही. वरून कोरडी लागते नि आतून कुबट वास मारते.

तुकड्यांना इस्त्री करून, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर एकावर एक पसरावे. दोघांनी समोरासमोरची टोके धरून ताणावे आणि चारही कोपऱ्यांवर डाळी-तांदळाचे भरलेले डबे ठेवावेत. मग मध्यापासून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र टाचावेत. कडेपासून टाचत आत आले तर सगळ्या सुरकुत्या मधोमध गोळा होतात. या एका टप्प्यात घाई केली की पुढचे सगळे काम चुणीचे होते.

कच्चे टाके झाल्यावर कडा आत दुमडून घ्याव्यात किंवा काठाची पट्टी लावावी आणि पक्का धावदोरा सुरू करावा. तो मात्र कडेपासून आत, कवंदीसारखा फेऱ्या घेत. थर आधीच टाचलेले असल्यामुळे आता सरकत नाहीत, आणि गोधडी मांडीवर फिरवत फिरवत शिवता येते. मोठ्या वाकळेला दाभण लागते, पण चार थरांना ते नको, मोठी भोके पडतात. जरा लांब, मजबूत सुई आणि जाड सुती दोरा घ्यावा. बोटात अंगुस्तान घालायला विसरू नये. दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका गोधडीला जवळजवळ 70 मीटर धावदोरा पडतो. आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. रोज रात्री जेवणानंतर पाच मीटर घातला तरी पंधरवड्यात गोधडी हातात येते. म्हणूनच सहाव्या-सातव्या महिन्यात सुरुवात करावी, नवव्यात नव्हे. शिवणयंत्र घरात असेल तर दोन थरांचे दुपटे त्यावर झकास होते. चार थरांत मात्र वरचे कापड पुढे सरकते आणि चुण्या पडतात, तेव्हा हातच बरा.

टाके लहान असावेत. लांब टाक्यात बाळाचे बोट अडकते. सुटलेला दोरा पायाच्या किंवा हाताच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे डॉक्टर पाहतात. बाळ उगाच रडते आहे असे वाटते, आणि कारण मोज्यात दडलेले असते. दोरा संपवताना गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी, शेपूट कापून टाकावे. दर धुलाईनंतर एकदा बोटे फिरवून सैल झालेला टाका पाहावा.

सुयांचा हिशेब तर सोनाराच्या काटेकोरपणाने ठेवावा. शिवायला बसताना किती सुया नि टाचण्या घेतल्या ते कागदावर लिहावे आणि उठताना मोजूनच डबी बंद करावी. गोधडी पुरी झाली की तिच्यावरून दोन्ही बाजूंनी एक चांगला लोहचुंबक फिरवावा. आत राहिलेली पोलादी सुई बोटांना लागत नाही, चुंबकाला लागते. हे काम झाल्यावर तो चुंबक उंच कपाटात ठेवावा, तोही मुलांच्या तोंडात जाण्याची वस्तू नव्हे.

गोधडी तयार झाली की तिच्यासोबत मोहरीची उशी, लोड आणि अंगावर आणखी एक जाड पांघरूण, असा थाट मांडण्याची अनेक घरांत रीत आहे. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी, असे सांगतात. पहिल्या वर्षात बालरोगतज्ज्ञांचा सल्ला याच्या उलट आहे. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट बिछान्यावर झोपवावे. डोक्याखाली उशी नको, तोंडाजवळ सैल, जाड कापड नको. बाळाला ते तोंडावरून बाजूला सारता येत नाही आणि श्वास कोंडतो. मोहरीच्या उशीची शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात ते वेगळेच. मग गोधडीचा उपयोग काय? भरपूर. जमिनीवर अंथरून जाग्या बाळाला पालथे घालावे, मालिश करावी, मांडीवर घेताना खाली धरावी, बाहेर नेताना कुणाच्याही घरी अंथरावी. रात्री थंडी असेल तर अंगभर बसणारे कपडे घालावेत. गोधडी अंगावर पांघरण्याचे दिवस वर्षानंतर येतात.

घरात आधीचे तीन-चार वर्षांचे मूल असेल तर त्यालाही या कामात घ्यावे. नाहीतर आईबाबा रोज रात्री येणाऱ्या पाहुण्यासाठीच काहीतरी करत बसलेले त्याला दिसतात, आणि मग दौतीचे किंवा दुधाचे सांडणे सुरू होते. त्याच्या हाताची बाह्यरेखा शिंप्याच्या खडूने कापडावर काढून, ती गोधडीच्या कोपऱ्यात उलट्या टाक्याने भरावी. पुठ्ठ्याला पंचाने भोके पाडून बुटाची नाडी ओवायला द्यावी, म्हणजे तेही ‘शिवायला’ बसते.

उरलेल्या चिंध्यांचा चेंडू किंवा बाहुली होते. बाहुलीच्या डोळ्यांना बटणे आणि मणी लावू नयेत, डोळे दोऱ्यानेच भरावेत. पोटात धान्य किंवा वाळलेल्या बिया न भरता चिंध्याच भराव्यात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला सुटणारा भाग सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत बसण्याइतका लहान असेल, तर तो घशात अडकू शकतो. एवढे माप ध्यानात ठेवले की निम्मी काळजी मिटते.

गोधडी वरून विरायला लागते ती तीन-चार वर्षांनी. तेव्हा ती उसवू नये. धुऊन, ताणून, दोन्ही अंगांना नव्या साडीचा एकेक तुकडा लावावा आणि पुन्हा कडेपासून धावदोरा घालावा. आता पांघरणाऱ्याची उंची वाढलेली असते, तेव्हा पायाकडे एक हातभर जोड द्यावा लागेल.