निगमीकरणाचा धडा : मॉस्कोपासून खमरियापर्यंत

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशातील ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. जबलपूरपुरते बोलायचे तर एका शहरातील चार कारखान्यांना चार निरनिराळे धनी मिळाले. १९०४ साली स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे गेली, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना पुण्याच्या, १९६९ ची व्हेईकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीच्या आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या. रांझीच्या बाजारात काहीच बदललेले दिसले नाही. पाळीचा भोंगा तोच, सायकली त्याच. बदलली ती हिशेबाची वही.

मालकी शंभर टक्के सरकारचीच आहे, मग भय कशाचे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देता येणार नाही. सरकारी कारखान्याची कंपनी झाली म्हणजे पुढे काय होते, याचा सर्वांत मोठा अनुभव पूर्वाश्रमीच्या समाजवादी देशांनी घेतला आहे. उत्तर तेथेच शोधले पाहिजे.

या ओळी लिहिणाऱ्याचा व्यवसाय भाषांतराचा. सोव्हिएत संघाच्या विसर्जनाच्या सुमारास जन्मलेल्या आमच्या पिढीला ते जग कागदांतूनच भेटले. त्या कागदांत ‘पेरेस्त्रोइका’साठी ‘पुनर्रचना’ हा शब्द येतो. आज सरकारी परिपत्रक भाषांतरासाठी पुढ्यात आले की लेखणीतून तोच शब्द उतरतो. शब्द निरुपद्रवी आहे. म्हणूनच त्याआड काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे.

रशियात कारखाने थेट विकले गेले नाहीत. १ जुलै १९९२ च्या अध्यक्षीय हुकुमाने आधी त्यांच्या संयुक्त भांडवली कंपन्या करण्यात आल्या. त्यानंतर ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबलचे खाजगीकरण पत्र वाटण्यात आले. बहुसंख्य उद्योगांत तर कामगार व व्यवस्थापक मिळून ५१ टक्के भागांचे मालक झाले. कागदावर याहून लोकशाही व्यवस्था ती कोणती? परंतु महागाईने त्या दहा हजारांची माती केली, महिनोन्महिने पगार थकले आणि उपाशी कामगाराने आपले भाग मिळेल त्या किमतीला विकले. १९९५ मध्ये सरकारने भागांच्या तारणावर बँकांकडून कर्जे घेतली आणि नोरिल्स्क निकेलसारखे प्रचंड उद्योग मूठभर धनिकांच्या हाती गेले. १९९० मध्ये सुमारे ६४ वर्षे असलेले रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ च्याही खाली घसरले. एवढी मोठी घसरण युद्धाविना क्वचितच घडते.

पूर्व जर्मनीतील हकिगत वेगळी नाही. तेथेही १ जुलै १९९० रोजी सार्वजनिक उद्योगांच्या एका कायद्यासरशी कंपन्या झाल्या आणि ‘ट्रॉयहांड’ नावाच्या संस्थेकडे सुमारे साडेआठ हजार उद्योग व चाळीस लाख कामगार सोपवले गेले. त्याच दिवशी पश्चिमेचे मार्क हे चलन लागू झाले आणि तेथील माल एका रात्रीत महाग ठरला. १९९४ अखेर संस्था बंद झाली तेव्हा बहुतेक रोजगार नाहीसे झाले होते आणि विक्रीतून नफ्याऐवजी अडीचशे अब्ज मार्कांहून अधिक तूट उरली होती.

कंपनी झाली की विक्री झालीच, असा सरधोपट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पोलंडमध्ये कंपनी झालेले कित्येक मोठे उद्योग दीर्घकाळ सरकारकडेच राहिले. पण तेथेही कंपनी होताक्षणी कारखान्यातील कामगार परिषदेचे अधिकार संपले. देखरेख मंडळावरील एक तृतीयांश जागा तेवढ्या हाती राहिल्या. तात्पर्य, निगमीकरणात पहिला बळी मालकीचा जात नाही. तो निर्णयातील सहभागाचा जातो, आणि मालकीचा प्रश्न त्यानंतर सोपा होतो.

येथे आपल्याच घराकडेही पाहिले पाहिजे. ‘सर्वांची मालकी’ म्हणून गौरवलेल्या कारखान्यांच्या विक्रीला सोव्हिएत कामगाराने निकराचा विरोध का केला नाही? कारण ती मालकी त्याने कधी अनुभवलीच नव्हती. योजना वरून येई, संचालक वरून येई, संघटना वरच्याची री ओढी. जे आपले वाटले नाही, त्याच्या रक्षणासाठी कोण उभा राहील? ही कबुली कडू आहे. पण ती दिल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

आता पुन्हा जबलपूर. कारखान्यांत दिरंगाई होती, दर्जाविषयी सैन्याच्या तक्रारी होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००० च्या नायर समितीपासून २००५ च्या केळकर समितीपर्यंत अनेकांनी निगमीकरणाचा उपाय सुचवला, तो याच आधारावर. परंतु ज्या कारखान्याचे गिऱ्हाईक एकच, मागणीपत्र त्याच्या मर्जीने येणार आणि ज्याची अनेक उत्पादने २०१७ पासून बाहेरून घेण्यास मोकळी केली, त्याच्या मंदीचे खापर सगळे कामगाराच्या माथी कसे फोडता येईल? याच गन कॅरेज फॅक्टरीने एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा सैन्याला दिल्या. तेव्हा ती कंपनी नव्हती. आज दारूगोळ्याची निर्यात वाढली असेल, तर युक्रेनमधील युद्धाने जगभर तोफगोळ्यांची मागणी वाढवली, याचाही त्यात वाटा आहे. सारे श्रेय नव्या पाटीला देता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये परस्परविरोधी विचारांचे तिन्ही महासंघ एकत्र संपावर गेले, तेव्हा चर्चेचे आश्वासन मिळाले. २०२१ मध्ये मिळाला तो संपबंदीचा कायदा, एका वर्षाच्या मुदतीचा का होईना. कामगारांना दोन वर्षांच्या ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर ठेवले गेले आणि पुढे ती मुदत वाढवण्यात आली. मुदतवाढीवर जगणारा माणूस घरासाठी कर्ज काढताना दहादा विचार करतो. रांझीचा दुकानदारही करतो.

जुन्या मंडळाच्या नोकरशाहीसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नसले तरी काळ सोकावतो. म्हणून मागणी केवळ ‘जुने परत आणा’ अशी असून भागणार नाही. प्रत्येक कारखान्याचा स्वतंत्र हिशेब जनतेपुढे यावा. मागणीपत्रे अनेक वर्षांची व बंधनकारक असावीत. संचालक मंडळावर कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. सेवाशर्तींची हमी मुदतवाढीवर टांगलेली नसावी. या मागण्या वेतनवाढीपेक्षा अवघड आहेत, कारण त्या कामगारालाही जबाबदार धरतात. ती जबाबदारी आपण मागून घेतली, तरच हा कारखाना आपला आहे हे वाक्य खरे ठरेल. रशियन कामगाराला ते म्हणण्याची वेळ आली तेव्हा उशीर झाला होता. खमरियात अजून तो झालेला नाही.