झडती कोणाची?

पाळी सुटली की आमच्या गेटवर झडती होते. डबा उघडा, खिसे उलटे करा, हात वर. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका पोराच्या डब्यात मूठभर तूरडाळ निघाली. फाटक्या पोत्यातून जमिनीवर सांडलेली. तीन दिवस त्याला कामावर घेतलं नाही. मुकादमाने रदबदली केली, उपयोग शून्य. गेटवरचा शिपाई मुकादमाच्या हाताखालचा नाही. तेव्हा मी त्या शिपायाला मनात शिव्या घातल्या. आता वाटतं, साला असा शिपाई मंत्र्यांच्या गेटवर का नाही?

नियम त्यांनाही आहेत, दोस्तहो. १९६४ सालापासून मंत्र्यांची आचारसंहिता आहे. धंद्यातून अंग काढा, दरसाल मालमत्ता कळवा, किमती भेटी घेऊ नका. वाचायला झकास! पण राज्यातल्या मंत्र्याची झडती घ्यायची मुख्यमंत्र्याने. म्हणजे मुकादमाने. आणि त्याची मुकादमी उभी आहे ती ह्यांच्याच खांद्यावर.

लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य आपलं, अशी फुशारकी मारतात. पण १९७१ च्या त्या कायद्याने मंत्र्याच्या व्याख्येतून मुख्यमंत्रीच वगळला, आणि बाकीच्यांबद्दल लोकायुक्ताच्या हाती नुसती शिफारस. अंतुले जानेवारी १९८२ मध्ये गेले ते हायकोर्टामुळे. सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टला आलेल्या देणग्या यांचा संबंध न्यायमूर्ती लेंटिन यांनी जोडला, तेव्हा खुर्ची सुटली.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मंत्र्यांनी मालमत्ता जाहीर करावी अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी तिच्यातली भोकं दाखवली. खुर्चीवर बसताना जाहीर केलीत, उठताना काय? मधे वाढली तर खुलासा कोण मागणार? लबाडी केली तर गुन्हा कुठला, दंड कुठला? दुरुस्ती त्यांनी स्वीकारली नाही. विधिमंडळात एकवटणारं लोकमत हाच जास्त चांगला वचक, असं ते म्हणाले. मॅट्रिक झालेला गोदी कामगार मी, बाबासाहेबांशी वाद घालत नाही. पण त्यांनी ज्या सभागृहावर भिस्त ठेवली त्याचं या लोकांनी काय केलं ते बघा.

नवं लोकायुक्त विधेयक विधानसभेत २०२२ साली आणि परिषदेत २०२३ साली मंजूर झालं. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आला. टाळ्या! मात्र त्याच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश आमदारांची संमती हवी. अरे, सभागृहात बहुमत आहे म्हणूनच तो मुख्यमंत्री ना? मग झडतीची परवानगी कोण देणार, त्याचेच मुकादम? वचक राहायचा होता त्या सभागृहाचं कुलूप करून टाकलं.

आम्हाला नवी संहिता नको, संहिता ढीगभर आहेत. सरकारच्या मर्जीने न नेमलेला लोकायुक्त हवा. कुणाची परवानगी न घेता चौकशी उघडणारा. त्याचा अहवाल ठरल्या मुदतीत छापून लोकांच्या हातात पडला पाहिजे, आणि सरकारने तो झिडकारला तर कारण लेखी दिलं पाहिजे.

२०२२ साली तुमच्या वस्तीचा आमदार कोण होता ते शोधा. त्याच्या दारात जा आणि विचारा, त्या दोन तृतीयांशाच्या कलमाला तू हात वर केलास का? उत्तर आमच्याकडे पाठवा. नावानिशी छापू.